जीवशास्त्राच्या विद्यार्थ्याने संगणकीय संशोधनाची आणि शिकवण्याची सुरुवात कशी करावी

नाशिकमध्ये वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र किंवा जैवतंत्रज्ञान घेऊन बी.एस्सी. किंवा एम.एस्सी. करणाऱ्या अनेक विद्यार्थ्यांना संगणकाच्या आधारे संशोधन करावेसे वाटते, पण काय शिकावे आणि कोणत्या क्रमाने शिकावे हे सांगणारे जवळपास कोणी नसते. बारावीला बी ग्रुप घेतल्यामुळे गणिताशी संबंध सुटलेला असतो, आणि ‘आपण बायोचे, आपल्याला कोडिंग जमणार नाही’ हे वाक्य इतक्या वेळा कानावर पडलेले असते की ते खरे वाटू लागते. हा लेख अशा विद्यार्थ्यांसाठी आहे. ज्यांना संशोधनाबरोबरच कनिष्ठ वर्गाची प्रात्यक्षिके घेण्याची जबाबदारी मिळाली आहे, त्यांच्यासाठी उत्तरार्धात अध्यापनाचाही सविस्तर विचार केला आहे.

पुढील सर्व पायऱ्यांमागे एकच सूत्र आहे. जे उत्तर आपल्याला आधीच माहीत आहे, किंवा कागदावर हाताने काढता येते, त्या उत्तरापर्यंत संगणकाला आधी आणून दाखवावे आणि मगच माहीत नसलेल्या प्रश्नाकडे वळावे. प्रयोगशाळेत काही बिघडले तर जेलवर पट्टे दिसत नाहीत किंवा पेट्रीडिशमध्ये वसाहती वाढत नाहीत, म्हणजे बिघाड डोळ्यांना दिसतो. प्रोग्रॅमच्या बाबतीत बहुतेक वेळा तसे होत नाही. चुकीच्या पद्धतीने विचारलेल्या प्रश्नालाही तो नीटनेटके, दशांश चिन्हानंतर चार आकडे असलेले उत्तर देतो. ते उत्तर जीवशास्त्राच्या दृष्टीने शक्य आहे का, हे ओळखण्याची क्षमता जीवशास्त्राच्या विद्यार्थ्याकडे असते, आणि या क्षेत्रात त्याचे खरे भांडवल तेच आहे.

साधने

सुरुवातीला महागडा लॅपटॉप लागत नाही आणि हजारो रुपये शुल्काच्या अभ्यासक्रमाचीही गरज नसते. आठ जीबी रॅम असलेला साधा लॅपटॉप पहिल्या वर्षाच्या कामाला पुरतो. स्वतःचा लॅपटॉप नसेल तर महाविद्यालयाच्या संगणककक्षात बसून गूगल कोलॅबवर ब्राउझरमधूनच पायथॉन ही प्रोग्रॅमिंगची भाषा चालवता येते. मात्र कोलॅबचे सत्र संपले की तिथे तयार झालेल्या फाइल नाहीशा होतात, त्यामुळे त्या त्याच दिवशी ड्राइव्हवर किंवा पेन ड्राइव्हवर घ्याव्यात. गॅलेक्सी या मोफत संकेतस्थळावर एक ओळही न लिहिता अनेक विश्लेषणे करता येतात. ते उपयुक्त आहे, पण केवळ त्यावर विसंबून राहिल्यास आत काय घडते हे कळत नाही, म्हणून त्याकडे थोडे उशिरा वळावे असे माझे मत आहे.

लिनक्स या संगणकप्रणालीची ओळख मात्र लवकर करून घ्यावी, कारण जीवशास्त्रीय विश्लेषणाची बहुतेक साधने त्यावर चालतात. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्ससारख्या विषयांवरील पाठ मराठीतही आहेत, आणि ज्यांचे शालेय शिक्षण मराठी माध्यमात झाले आहे त्यांना पहिल्या काही दिवसांत त्यांचा फार आधार वाटतो. एनपीटीईएल या ऑनलाइन व्यासपीठावरील जैवमाहितीशास्त्राचे अभ्यासक्रम त्यानंतर घ्यावेत. प्रमाणपत्र हवे असेल तरच परीक्षेचे शुल्क भरावे लागते; व्याख्याने विनामूल्य पाहता येतात.

पायथॉन शिकावे की आर, हा प्रश्न प्रत्येक नवोदित विचारतो. अनुक्रमांवर, म्हणजे डीएनएतील अक्षरांच्या क्रमांवर, काम करायचे असेल तर पायथॉन, आणि मोजमापे, आलेख व सांख्यिकी यांवर काम करायचे असेल तर आर, असे ठरवून एक भाषा निवडावी आणि किमान सहा महिने ती बदलू नये.

पहिला सराव: लॅम्डाचा डीएनए

सुरुवात लहान जीनोमपासून, म्हणजे ज्याचा संपूर्ण डीएनए लहान आहे अशा जीवापासून, करावी. नाशिकच्या विद्यार्थ्याला साहजिकच कांद्याविषयी काही करावेसे वाटते, पण कांद्याचा जीनोम सुमारे 16 अब्ज बेसचा (बेस म्हणजे डीएनएतील एक अक्षर), म्हणजे माणसाच्या जीनोमच्या पाचपट मोठा आहे, आणि तो घरच्या लॅपटॉपवर उघडण्याचा प्रयत्न निराशाच देतो. द्राक्षाचा जीनोम त्यामानाने लहान, सुमारे 50 कोटी बेसचा आहे आणि तो 2007 पासून सर्वांसाठी उपलब्ध आहे, तरी पहिल्या महिन्यासाठी तोही मोठाच आहे.

त्याऐवजी लॅम्डा या जिवाणूभक्षक विषाणूचा डीएनए घ्यावा. त्याची लांबी 48,502 बेस आहे. जैवतंत्रज्ञानाच्या प्रयोगशाळेत लॅम्डा डीएनए हिंड-थ्री या एन्झाइमने कापून तो जेलवर मार्कर, म्हणजे लांबी ताडून पाहण्याची पट्टी, म्हणून चालवलेला असतो, त्यामुळे त्याचे तुकडे किती लांबीचे असतात हे कुपीसोबत आलेल्या तक्त्यात छापलेले असते: 23,130, 9,416, 6,557, 4,361, 2,322, 2,027, 564 आणि 125 बेस. हे झाले आपल्या हातात असलेले उत्तर. आता संगणकाला ते काढायला लावायचे.

एनसीबीआय या अनुक्रमांच्या सार्वजनिक साठ्याच्या संकेतस्थळावरून लॅम्डाचा संदर्भ-अनुक्रम, क्रमांक एनसी_001416, फास्टा स्वरूपात उतरवून घ्यावा. फाइलच्या पहिल्या ओळीत > या चिन्हानंतर नाव असते आणि पुढील ओळींत ए, टी, जी, सी ही अक्षरे असतात. हिंड-थ्री हे एन्झाइम ‘एएजीसीटीटी’ हा सहा अक्षरांचा क्रम ओळखते आणि पहिल्या ए नंतर कापते. हा क्रम फाइलमध्ये शोधायचा, कापण्याच्या जागा नोंदवायच्या आणि तुकड्यांची लांबी काढायची, एवढाच हा सराव आहे. तो वाचायला सोपा वाटतो, पण नवोदिताला या क्षेत्रात लागणाऱ्या जवळजवळ सर्व सवयी त्यातून लागतात, म्हणून तो येथे बारकाईने सांगतो.

पहिली अडचण ओळींची असते. फास्टा फाइलमधील अनुक्रम दर 70 अक्षरांनंतर नव्या ओळीवर जातो. टर्मिनलमधील (आज्ञा टंकण्याच्या खिडकीतील) ग्रेप ही आज्ञा ओळीओळीने शोधते, त्यामुळे ज्या क्रमाचा अर्धा भाग एका ओळीच्या शेवटी आणि उरलेला पुढील ओळीच्या सुरुवातीला आला असेल, तो तिला सापडत नाही, आणि तशी सूचनाही ती देत नाही. म्हणून सर्व ओळी जोडून एक सलग माळ करावी, तिची लांबी मोजावी आणि ती 48,502 भरते याची खात्री करूनच पुढे जावे. लांबी कमी-जास्त आली तर नावाची ओळ चुकून आत आली आहे का किंवा फाइल अर्धवट उतरली आहे का, हे पाहावे.

दुसरी अडचण मोजणीची. पायथॉन पहिल्या अक्षराला शून्य हा क्रमांक देते, तर जीवशास्त्रज्ञ एकपासून मोजतात. जनुकांच्या जागा सांगणाऱ्या फाइलमध्येही हा भेद आहे: जीएफएफ स्वरूपात मोजणी एकपासून होते आणि बेड स्वरूपात शून्यापासून. एका अक्षराचा फरक क्षुल्लक वाटतो, पण अनुक्रमाचे प्रथिनात भाषांतर करताना तीन-तीन अक्षरे वाचण्याची चौकट एका बेसने सरकली की संपूर्ण प्रथिन बदलते.

तिसरी अडचण अधिक शिकवणारी आहे. पायथॉनची स्प्लिट ही सुविधा वापरून अनुक्रम ‘एएजीसीटीटी’ या क्रमापाशी तोडला तर तोडण्याच्या प्रत्येक जागेवरील सहा अक्षरे तुकड्यांतून गळून पडतात. तुकडे संख्येने बरोबर येतात, लांबीही साधारण बरोबर वाटते, पण सर्व लांब्यांची बेरीज 48,502 न येता 48,466 येते. बेरीज तपासणाऱ्यालाच हे दिसते. आपण काय कापले, काय उरले आणि दोन्ही मिळून मूळ आकडा येतो का, ही तपासणी पुढे कोणत्याही विश्लेषणात, अगदी कोट्यवधी रीड्सवर (यंत्राने वाचलेल्या डीएनएच्या लहान तुकड्यांवर) काम करतानाही, याच पद्धतीने करावी लागते.

हे सर्व नीट केल्यानंतर संगणक सात तुकडे दाखवतो, आणि तक्त्यात मात्र आठ असतात. 6,557 आणि 125 या दोन तुकड्यांच्या जागी 6,682 बेसचा एकच तुकडा येतो. येथे बहुतेक विद्यार्थी आपला प्रोग्रॅम चुकला असे समजून तो पुन्हा लिहितात. प्रोग्रॅम बरोबर आहे आणि तक्ताही बरोबर आहे. बाजारात मिळणारा लॅम्डा डीएनए सहसा ‘सीआय857 इंड1 सॅम7’ या प्रकाराचा असतो, आणि त्यातील इंड1 या उत्परिवर्तनामुळे हिंड-थ्रीची एक जादा जागा तयार झालेली असते. संदर्भ-अनुक्रम मूळ प्रकाराचा असल्याने त्यात ती नसते. हा खुलासा संगणकाच्या कोणत्याही पुस्तकात सापडणार नाही, तो कुपीवरील नाव वाचणाऱ्याला सापडतो. डेटा कोणत्या जीवाचा, कोणत्या प्रकाराचा, कोणी आणि कुठून घेतलेला, हे विचारण्याची सवय येथे लागली तर पुढील अनेक महिने वाचतात.

हे निष्कर्ष प्रत्यक्ष जेलच्या छायाचित्राशीही ताडून पाहावेत. 125 बेसचा पट्टा जेलवर बहुधा दिसत नाही आणि 564 चा फिकट असतो, कारण लहान तुकड्यात रंग धरणारा डीएनएच कमी असतो. 4,361 चा पट्टा अपेक्षेपेक्षा फिकट असेल तर त्याचेही कारण आहे: लॅम्डाच्या दोन्ही टोकांना 12 बेसची एकेरी, परस्परपूरक शेपटी असते, त्यामुळे हा तुकडा 23,130 च्या तुकड्याला चिकटतो. नमुना जेलमध्ये भरण्यापूर्वी 65 अंश सेल्सिअसला काही मिनिटे तापवून बर्फावर ठेवला की ते सुटतात. संगणकासमोर मात्र टोके चिकटण्याचा प्रश्नच येत नाही. प्रोग्रॅमने दिलेली यादी आणि निसर्गात घडणारी गोष्ट यांत असे अंतर नेहमी असते, आणि ते सांगता येणे हे संगणकीय जीवशास्त्रज्ञाचे काम आहे.

आणखी दोन सापळे

लॅम्डानंतर एखाद्या प्राण्याचे जनुक घ्यावे. निफाड तालुक्यातील नांदूरमध्यमेश्वर हे महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ. तिथे दिसणाऱ्या हळदी-कुंकू बदकाचा सीओआय हा जनुकखंड उदाहरण म्हणून चांगला आहे, कारण प्राण्यांची प्रजाती ओळखण्यासाठी हाच सुमारे 650 बेसचा खंड वापरतात. त्याचे नेहमीच्या सांकेतिक तक्त्याने प्रथिनात भाषांतर केले तर मध्येच थांबण्याच्या खुणा दिसतात आणि अनुक्रम सदोष असावा असे वाटते. हा खंड मायटोकॉन्ड्रियातील आहे, आणि पृष्ठवंशीय प्राण्यांच्या मायटोकॉन्ड्रियात ‘टीजीए’ हा कोडॉन, म्हणजे तीन अक्षरांचा गट, थांबा न दर्शवता ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल दर्शवतो. एनसीबीआयच्या यादीतील दुसऱ्या क्रमांकाचा तक्ता निवडला आणि वाचनाची चौकट योग्य घेतली की भाषांतर सलग येते. सॉफ्टवेअर न सांगता पहिला तक्ता वापरते. दुसरा निवडण्यासाठी मायटोकॉन्ड्रियाविषयी आपल्याला माहिती असावी लागते.

दुसरा सापळा एक्सेलचा. जनुकांच्या नावांची यादी एक्सेलमध्ये उघडली की ‘मार्च1’ आणि ‘सेप्ट2’ अशी नावे तारखा होऊन बसतात. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, एक्सेलमधील जनुकयाद्या सोबत जोडलेल्या शोधनिबंधांपैकी सुमारे पाचव्या हिश्श्याच्या निबंधांत अशा चुका आढळल्या, आणि अखेर 2020 मध्ये मानवी जनुकांची नावे ठरवणाऱ्या समितीने ही नावेच बदलली. मूळ डेटा एक्सेलमध्ये उघडून जतन करू नये. पाहायचाच असेल तर त्याची प्रत उघडावी.

ब्लास्टविषयी थोडक्यात. 1990 पासून वापरात असलेले हे साधन आपला अनुक्रम साठ्यातील अनुक्रमांशी जुळवते. त्यातील ई-व्हॅल्यू म्हणजे एवढ्या मोठ्या साठ्यात इतकी चांगली जुळणी निव्वळ योगायोगाने किती वेळा सापडण्याची अपेक्षा आहे, तो आकडा. साठा मोठा झाला की तोच शोध वेगळी ई-व्हॅल्यू देतो, म्हणून शोधाची तारीख आणि साठ्याचे नाव लिहून ठेवावे. सर्वांत वर आलेला निकाल म्हणजेच आपला जीव, असे समजू नये. ज्या जीवाचा अनुक्रम साठ्यात नाहीच, त्याच्यासाठीही ब्लास्ट कोणाला तरी वर आणते.

पहिला स्वतःचा प्रश्न

साधारण तीन-चार महिन्यांनी स्वतःचा लहानसा प्रश्न घ्यावा, आणि तो शक्यतो आपल्या परिसरातील असावा, कारण त्याविषयी आपल्याला विचारायला माणसे असतात. दिंडोरी, निफाड, पिंपळगाव बसवंत या भागातील द्राक्षबागायतदाराशी ऑक्टोबर छाटणीनंतर बोलले तर केवडा, म्हणजेच डाऊनी, हा विषय पहिल्या पाच मिनिटांत निघतो. हा रोग प्लाझ्मोपॅरा व्हिटिकोला या जीवामुळे होतो. त्याला व्यवहारात बुरशी म्हणतात, पण तो ऊमायसीट गटातील आहे आणि खऱ्या बुरशीपासून उत्क्रांतीच्या दृष्टीने दूर आहे. स्ट्रोबिल्युरिन गटातील औषधे त्याच्या मायटोकॉन्ड्रियातील सायटोक्रोम बी या प्रथिनावर काम करतात. या प्रथिनातील 143 व्या जागी ग्लायसिनऐवजी ॲलानिन आले की औषध निष्प्रभ ठरते. ग्लायसिनचे सर्व कोडॉन ‘जीजी’ने आणि ॲलानिनचे सर्व कोडॉन ‘जीसी’ने सुरू होतात, म्हणजे मधल्या एका अक्षराच्या बदलाने हे घडते.

विद्यार्थ्यासाठी प्रश्न असा मांडता येतो: सार्वजनिक साठ्यात या जीवाचे सायटोक्रोम बीचे जे अनुक्रम आहेत, त्यांपैकी कोणत्या देशांतील आणि कोणत्या वर्षांतील नमुन्यांत हा बदल दिसतो? त्यासाठी अनुक्रम उतरवावेत, प्रत्येकासोबत नोंदलेले ठिकाण आणि संकलनाची तारीख तक्त्यात मांडावी, अनुक्रम एकमेकांशी जुळवून लावावेत आणि 143 वी जागा पाहावी. येथे लक्षात ठेवण्याची बाब अशी की साठ्यातील अनेक अनुक्रम अपुरे असतात आणि वेगवेगळ्या ठिकाणी सुरू होतात, त्यामुळे प्रत्येकाच्या सुरुवातीपासून 143 मोजणे चुकीचे ठरते. एक संपूर्ण सायटोक्रोम बी संदर्भ म्हणून घेऊन बाकीचे त्याच्याशी जुळवावेत. बदल असलेला आणि नसलेला असे दोन अनुक्रम आधी शोधनिबंधांतून निवडून, आपला प्रोग्रॅम त्यांना अचूक ओळखतो हे पाहावे, आणि नंतरच बाकीचे अनुक्रम त्याला द्यावेत.

निष्कर्ष लिहिताना संयम हवा. साठ्यात जे नमुने आहेत ते संशोधकांना ज्या बागांत जाता आले आणि जिथे औषध चालत नसल्याची तक्रार होती तिथून आलेले असू शकतात, म्हणून त्यातील टक्केवारी ही बागांतील टक्केवारी नव्हे. ‘नाशिक जिल्ह्यातील इतक्या बागांतील केवडा औषधाला दाद देत नाही’ असे विधान या कामातून करता येत नाही. बागायतदाराला तसे सांगणे तर मुळीच योग्य नाही, कारण तो त्यावरून फवारणी ठरवतो आणि नुकसान झाले तर ते त्याचे होते.

नोंदी आणि मार्गदर्शक

प्रयोगशाळेतील नोंदवहीप्रमाणेच संगणकीय कामाचीही नोंदवही ठेवावी. प्रत्येक प्रकल्पाला एक फोल्डर, त्यात मूळ डेटासाठी वेगळे उपफोल्डर, आणि मूळ डेटा एकदा ठेवला की त्याला हात लावायचा नाही, हा नियम पाळावा. कोणता अनुक्रम कोणत्या तारखेला उतरवला, कोणत्या साधनाची कोणती आवृत्ती वापरली आणि कोणते पर्याय निवडले, हे साध्या मजकुराच्या फाइलमध्ये लिहावे. ‘फायनल’, ‘फायनल2’, ‘खरे फायनल’ अशी नावे देण्यापेक्षा फाइलमधील बदलांची नोंद ठेवणारे गिट हे साधन शिकणे बरे, आणि ते जमेपर्यंत फाइलच्या नावात तारीख घालावी. वीज जाणे गृहीत धरून वारंवार जतन करावे आणि एक प्रत दुसऱ्या जागी ठेवावी.

आता अनेकजण कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांकडून कोड लिहून घेतात. त्यास माझा विरोध नाही, मात्र ज्याला लॅम्डाची बेरीज तपासता येते त्यानेच ते वापरावे, कारण अशा कोडमधली चूकही न बोलताच येते.

मार्गदर्शक शोधताना पुण्याचे अंतर अडचण मानू नये. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचे जैवमाहितीशास्त्र केंद्र, आयसर, राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, आघारकर संशोधन संस्था ही सर्व पुण्यात आहेत, मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे आणि राजगुरुनगरला कांदा व लसूण संशोधन संचालनालय आहे. संगणकीय कामाचा मोठा भाग नाशिकमध्ये राहूनही करता येतो, हा या क्षेत्राचा आपल्यासारख्यांना मिळणारा मोठा फायदा आहे. पत्र लिहिताना ‘मला आपल्या मार्गदर्शनाखाली काम करायचे आहे’ एवढेच न लिहिता, त्यांचा कोणता निबंध वाचला आणि आपण स्वतः काय करून पाहिले, हे चार ओळींत लिहावे आणि केवड्यावरील कामासारखा एखादा छोटा अहवाल जोडावा. तीन विज्ञान अकादमींच्या उन्हाळी संशोधन फेलोशिपसाठीही असा अहवाल उपयोगी पडतो. प्रयोगशाळेत प्रवेश मिळाल्यावर तेथील अप्रकाशित डेटा विचारल्याशिवाय स्वतःच्या लॅपटॉपवर घेऊ नये आणि मित्रांना दाखवू नये.

शिकवण्याची वेळ आल्यावर

एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षात किंवा प्रकल्प सहायक म्हणून काम करताना कनिष्ठ विद्यार्थ्यांचे प्रात्यक्षिक घेण्याची विनंती होते. ती नाकारू नये. आपल्याला एखादी गोष्ट येते असे वाटत असते, आणि ती फळ्यापुढे उभे राहून सांगताना कोणता दुवा कच्चा आहे हे कळते. संशोधनासाठी यासारखी दुसरी तपासणी मला माहीत नाही.

प्रात्यक्षिकाची सुरुवात संगणकाने करू नये. पहिला अर्धा तास कागद आणि पेन्सिल द्यावी. 30 अक्षरांचा एक अनुक्रम फळ्यावर लिहून त्यातील ए, टी, जी, सी मोजायला, त्याचा पूरक धागा उलट्या दिशेने लिहायला आणि ‘एटीजी’पासून भाषांतर करायला सांगावे. वर्ग थोडा पुढे गेलेला असेल तर पाच-सहा अक्षरांचे दोन अनुक्रम घेऊन नीडलमन आणि वुन्श यांची 1970 ची जुळणीची पद्धत चौकटीत आकडे भरत फळ्यावर करावी. हे उत्तर वहीत राहिले की पुढे पडद्यावर आलेले उत्तर ताडून पाहण्याची सवय विद्यार्थ्यांना न सांगता लागते.

संगणकावर आल्यानंतर आधीच तयार केलेला कोड पडद्यावर दाखवू नये, तो त्यांच्यासमोर एकेक ओळ टंकावा. टंकण्याचा वेग आपोआप त्यांच्या वेगाइतका राहतो. सॉफ्टवेअर कारपेंट्री ही संस्था याच पद्धतीने शिकवते, आणि तिच्याकडून घेण्यासारखी दुसरी युक्ती म्हणजे प्रत्येकाला दोन रंगांच्या चिकटचिठ्ठ्या देणे: काम झाले तर हिरवी, अडले तर लाल, संगणकावर चिकटवायची. ‘कोणाला काही शंका?’ असे विचारल्यावर जो वर्ग गप्प बसतो, त्याच वर्गात लाल चिठ्ठ्या भराभर दिसू लागतात. सुरगाणा, पेठ, इगतपुरीकडून आलेल्या अनेक मुलामुलींनी महाविद्यालयात येईपर्यंत कीबोर्डला हात लावलेला नसतो, आणि हात वर करून ते सांगणे त्यांना अवघड जाते. त्यांच्यासाठी फाइल आणि फोल्डर म्हणजे काय, टर्मिनल आत्ता कोणत्या फोल्डरमध्ये आहे, एवढ्यासाठी एक संपूर्ण तास द्यावा. तो वाया जात नाही. नवोदितांना दिसणाऱ्या ‘फाइल सापडत नाही’ या संदेशामागे बहुतेक वेळा हेच कारण असते.

संगणक कमी असतील तर एका संगणकावर दोघांना बसवावे, पण टंकणारा आणि सांगणारा अशी कामे वाटून द्यावीत आणि दर 15 मिनिटांनी ती बदलावीत. अन्यथा ज्याला येते तोच टंकत राहतो, आणि अनेक जोड्यांत मुली मागे बसून फक्त पाहतात. विद्यार्थ्याचे काम अडले तर त्याच्या हातातील माऊस आपण घेऊ नये. कुठे काय टंकायचे ते सांगावे, हवे तर बोटाने दाखवावे, आणि कीबोर्ड त्याच्याकडेच राहू द्यावा. चूक दाखवणारा संदेश आला तर तो विद्यार्थ्याला मोठ्याने वाचायला लावावा आणि शेवटच्या ओळीचा अर्थ मराठीत सांगायला सांगावा. स्पष्टीकरण मराठीत आणि आज्ञा जशाच्या तशा, ही सरमिसळ वर्गात संकोच न करता करावी. त्यामुळे कोणाचेही इंग्रजी बिघडत नाही आणि अनेकांचे जीवशास्त्र सुधारते.

इंटरनेट बंद पडेल असे धरूनच तयारी करावी. लॅम्डाची फाइल, पायथॉनची स्थापना-फाइल आणि सरावाचे प्रश्न पेन ड्राइव्हवर असावेत, आणि आदल्या दिवशी त्याच कक्षातील त्याच संगणकावर सर्व काही एकदा चालवून पाहावे, कारण आपल्या लॅपटॉपवर चालणारी आवृत्ती तिथे असेलच असे नाही. सरावासाठी रोझलिंड या संकेतस्थळावरील प्रश्न क्रमाने चढत जाणारे आहेत. त्यातील पहिला प्रश्न अनुक्रमातील चार अक्षरे मोजण्याचाच आहे आणि तो पहिल्याच दिवशी सुटू शकतो.

मूल्यमापन करताना केवळ अंतिम उत्तराला गुण देऊ नयेत. लॅम्डाचाच सराव द्यावा, कुपीसोबतचा आठ तुकड्यांचा तक्ता सोबत द्यावा, आणि फरक का पडला हे पाच ओळींत लिहायला सांगावे. ज्या विद्यार्थ्याने सात तुकडे काढले, त्यांची बेरीज 48,502 दाखवली आणि ‘तक्त्यातील डीएनए वेगळ्या प्रकाराचा असावा, कारण 6,557 आणि 125 यांची बेरीज 6,682 होते’ असे लिहिले, त्याला उत्परिवर्तनाचे नाव आठवले नाही तरी पूर्ण गुण द्यावेत. ज्याने तक्त्याशी जुळावेत म्हणून आठ तुकडे लिहून दिले, त्याला शेजारी बसवून पुन्हा मोजायला सांगावे, आणि त्याच्याशी बोलताना आवाज चढू देऊ नये, कारण कुपीवर जे छापले आहे तेच बरोबर मानायला त्याला शाळेपासून शिकवलेले असते. त्या तासात विद्यार्थ्यांनी विचारलेले प्रश्न त्याच संध्याकाळी नोंदवहीत उतरवून ठेवावेत. पुढील तुकडीच्या प्रात्यक्षिकाची मांडणी त्यांवरून ठरवता येते, आणि त्यांतील एखादा प्रश्न आपल्या मार्गदर्शकांपुढे ठेवण्याइतका चांगलाही असू शकतो.